लॉगवर लक्ष ठेवणारी स्क्रिप्ट मध्येच गप्प का होते

लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम आपल्या घडामोडी लिहून ठेवतो त्या फाइलीत, अमुक ओळ दिसली की तमुक कमांड आपोआप चालली पाहिजे, ही गरज सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडते. बहुतेक जण ती एका ओळीत भागवतात: टेलने फाइल वाचत राहायचं, ग्रेपने हवा तो पॅटर्न गाळायचा आणि व्हाइल-रीडच्या लूपने प्रत्येक ओळीमागे कमांड चालवायची. चाचणीत हे लगेच चालतं. मग तक्रारी सुरू होतात, आणि त्या ठरलेल्या असतात. काही दिवसांनी कमांड चालायचीच बंद होते. किंवा चालते, पण घटना घडून गेल्यावर तासाभराने. किंवा एकदा चालायच्या जागी तीस वेळा चालते. किंवा टर्मिनलवर चालते आणि सर्व्हिस म्हणून लावली की चालत नाही.

यातली पहिली तक्रार सगळ्यात वाईट. गप्प पडलेली स्क्रिप्ट आणि सुरळीत चाललेला सर्व्हर बाहेरून अगदी सारखे दिसतात. प्रोसेस जिवंत असते, कुठे एरर नसतो, सर्व्हिसची स्थिती सांगणारं सिस्टमसीटीएल हिरवा ठिपका दाखवत असतं. ज्या रात्री कमांड चालायला हवी होती त्या रात्रीच कळतं की पहारा केव्हाच उठला होता. म्हणून इथे जास्त जागा त्या गप्प बसण्याला दिली आहे.

रीस्टार्ट करण्याआधी

स्क्रिप्ट रीस्टार्ट केली की सगळं पुन्हा चालू होतं आणि कारण शोधायचा पुरावाही तेव्हाच जातो. पुढच्या आठवड्यात तीच तक्रार परत येते. म्हणून आधी हात आवरा आणि चालू असलेल्या टेलचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, घ्या. प्रॉक डिरेक्टरीत त्या पीआयडीच्या नावाचा फोल्डर असतो, त्यात एफडी नावाचा आणखी एक. त्याची एलएसने लांब यादी काढा. टेलने कुठली फाइल उघडून धरली आहे ते तिथे बाणापुढे दिसतं.

फाइलचं नाव जसं हवं तसंच असेल तर दोष पुढच्या कडीत आहे. नावाला शेवटी टिंब आणि एकचा आकडा लागलेला असेल, किंवा नावापुढे कंसात डिलीटेड असं लिहिलेलं असेल, तर टेल जुन्या फाइलला धरून बसलं आहे. तिच्यात आता कधीच काही येणार नाही, आणि टेलच्या दृष्टीने यात काही चूकही नाही. त्याला ती फाइल वाचायला सांगितली होती, ते ती वाचतं आहे.

फाइल बरोबर असेल तर ग्रेपच्या पीआयडीवर एसट्रेस, म्हणजे प्रोसेस काय वाचते-लिहिते ते दाखवणारी कमांड, लावा आणि दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगमध्ये पॅटर्नला जुळणारी एक ओळ जोडा. जर्नल, म्हणजे सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीचा लॉग, किंवा सिसलॉगवर पहारा असेल तर लॉगर कमांडने, ॲपची स्वतःची फाइल असेल तर एकोने दोन मोठ्या-पेक्षा चिन्हांनी. दोन चिन्हं नीट मोजून द्या, एकच दिलं तर लॉग पुसला जाईल. आता एसट्रेसमध्ये बघा. रीड दिसला आणि राइट दिसला नाही, तर ओळ ग्रेपच्या पोटात अडकली आहे, म्हणजे बफरचा, मजकूर साठवून मग पुढे देण्याचा, प्रश्न. रीडही नाही आणि राइटही नाही, तर ओळ तिथवर पोचलीच नाही. राइट मध्येच थांबून राहिलेला दिसला, तर पुढचा लूप ओळी उचलत नाही आणि पाइप, म्हणजे एकाचा आउटपुट दुसऱ्याला नेणारी नळी, भरला आहे. एवढ्या पाच मिनिटांच्या कामात निम्म्याहून अधिक शक्यता गळून पडतात.

रोटेशन

काही दिवस चालून गप्प होणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पहिला संशय लॉगरोटेटवर, म्हणजे जुना लॉग बाजूला काढून नवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमवर, घ्यावा. त्याची नेहमीची पद्धत अशी: जुन्या फाइलचं नाव बदलायचं, त्याच नावाची नवी रिकामी फाइल तयार करायची, आणि ॲपला सिग्नल देऊन नव्या फाइलीत लिहायला लावायचं. टेलचा स्मॉल एफ हा पर्याय फाइलच्या नावाला धरून राहत नाही, उघडलेल्या फाइलला धरून राहतो. नाव बदललं तरी फाइल तीच, त्यामुळे टेल जुन्या फाइलीबरोबर निघून जातं. कॅपिटल एफ दिला तर टेल नावावर नजर ठेवतं. त्या नावाची फाइल बदलली की नवी उघडतं, आणि फाइल काही क्षण जागेवर नसेल तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. पहाऱ्यासाठी कॅपिटल एफच हवा. स्मॉल एफ फक्त डोळ्यांसमोर थोडा वेळ लॉग बघायला ठीक आहे.

कॅपिटल एफ लावूनही एक बारीक फट उरते. फाइलचं नाव बदललं, नवी तयार झाली, पण ॲपला अजून सिग्नल पोचला नाही, तेवढ्या वेळात ॲप जुन्याच फाइलीत लिहितं आणि टेल नव्या फाइलकडे वळलेलं असतं. त्या ओळी हुकतात. एकही ओळ हुकून चालणार नाही अशी गरज असेल तर फाइलमागे धावायची ही पद्धतच सोडावी, त्याबद्दल पुढे.

दुसरी पद्धत कॉपीट्रंकेटची. ज्या ॲपला सिग्नल देऊन फाइल बदलायला लावता येत नाही त्याच्यासाठी लॉगरोटेट फाइलची प्रत काढतं आणि मूळ फाइल शून्यावर आणतं. प्रत काढणं आणि शून्यावर आणणं यांच्या मध्ये आलेल्या ओळी कायमच्या जातात, हे लॉगरोटेटच्या मॅन पेजमध्येच लिहिलेलं आहे. पण या पद्धतीचा एक दुष्परिणाम फारसा कुणी सांगत नाही, आणि तो पकडायला फार त्रास होतो.

ॲपने लॉग फाइल ॲपेंड मोडमध्ये उघडलेली नसेल, तर आपण कुठवर लिहिलं तो बिंदू ते स्वतःकडे ठेवतं. समजा फाइल ५० एमबीची झाली आणि लॉगरोटेटने ती शून्यावर आणली. ॲपला याचा पत्ता नसतो. ते पुढची ओळ ५० एमबीच्या बिंदूवरच लिहितं. मधली सगळी जागा नल बाइटांनी, म्हणजे शून्य किमतीच्या बाइटांनी, भरलेली दिसते. डिस्कवर ती जागा जात नाही, कारण फाइल विरळ असते, पण वाचणाऱ्याला ते नल बाइट मिळतात. टेल ते पुढे ढकलतं, आणि ग्रेपला नल बाइट दिसला की ते ठरवतं की हा मजकूर नव्हे, बायनरी डेटा आहे. मग जुळलेली ओळ छापण्याऐवजी बायनरी फाइल मॅचेस एवढंच म्हणतं आणि पुढच्या ओळी द्यायचं बंद करतं. स्क्रिप्ट चालू, टेल चालू, ग्रेपही चालू, फाइलही बरोबर, आणि तरी कमांड चालत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. एलएसने दिसणारा फाइलचा आकार आणि डीयूने दिसणारी खरी जागा ताडून बघा. आकार खूप मोठा आणि जागा अगदी थोडी असेल तर हेच झालं आहे. ग्रेपला स्मॉल ए हा पर्याय दिला की ते सगळं मजकूर समजूनच वाचतं. तो तात्पुरता उपाय. खरा उपाय ॲपने लॉग ॲपेंड मोडमध्ये उघडणं हा आहे. ॲपचा आउटपुट शेलमधून फाइलीत वळवला असेल तर तिथेही एका चिन्हाऐवजी दोन चिन्हं वापरली की काम होतं.

बफर

उशिरा चालणाऱ्या कमांडचं कारण जवळजवळ नेहमी बफर असतं. लिनक्सवर सी लायब्ररी आउटपुट कुठे चालला आहे ते बघते. टर्मिनलवर चालला असेल तर प्रत्येक ओळ संपली की लगेच पुढे देते. पाइपमध्ये चालला असेल तर साधारण ४०९६ बाइट साठेपर्यंत थांबते. आता हिशेब करा: जुळणारी ओळ शंभर बाइटांची असेल तर अशा चाळीस ओळी जमेपर्यंत लूपला एकही मिळत नाही. एरर दिवसातून दोनदा येत असेल तर पहिली कमांड चालायला तीन आठवडे लागतील, आणि तेव्हा चाळीस वेळा एकदम चालेल. चाचणीत हे दिसत नाही, कारण चाचणी करताना आपण ग्रेपचा आउटपुट टर्मिनलवर बघतो आणि तिथे ओळ क्षणात उमटते.

ग्रेपला लाइन-बफर्ड हा लांब पर्याय द्या. पाइपमध्ये दोन ग्रेप असतील तर दोघांनाही द्यायचा, हे हमखास राहून जातं, कारण माणूस शेवटच्या ग्रेपलाच बघतो. सेडला स्मॉल यू. ऑकमध्ये प्रत्येक प्रिंटनंतर एफफ्लश. डेबियनवर नुसतं ऑक म्हटलं की सहसा मॉक चालतं, आणि ते येणारा इनपुटही साठवून वाचतं, त्यामुळे त्याला कॅपिटल डब्ल्यूबरोबर इंटरॅक्टिव्ह हा पर्याय द्यावा लागतो. पायथनला स्मॉल यू. ज्या प्रोग्रॅमला असा काही पर्यायच नाही त्याच्याआधी स्टडीबफ लावून बघता येतं, पण ते सी लायब्ररीत मध्येच हात घालून चालतं. त्यामुळे स्टॅटिक बांधलेल्या प्रोग्रॅमवर किंवा स्वतःचा बफर सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमवर त्याचा उपयोग होत नाही.

आणि कधी कधी पाइपमध्ये सगळं बरोबर असतं, मूळ ॲपच लॉग साठवून लिहीत असतं. एनजिनएक्सच्या ॲक्सेस लॉगला बफर हा पर्याय दिला असेल तर तो बफर भरेपर्यंत किंवा फ्लशची वेळ होईपर्यंत फाइलीत ओळच येत नाही. तिथे ग्रेपला दोष देऊन काही हाती लागणार नाही.

लूपच्या आत

पहिल्या ओळीवर कमांड चालते आणि नंतर कधीच नाही, अशी तक्रार असेल तर लूपच्या आतली कमांड बघा. तिथे दुसऱ्या मशीनवर कमांड चालवणारं एसएसएच आहे का? लूपमधल्या प्रत्येक कमांडला लूपचाच स्टँडर्ड इनपुट मिळतो, म्हणजे लॉगचा तोच पाइप. एसएसएच सुरू झालं की तो इनपुट वाचायला लागतं आणि लूपसाठी येणाऱ्या ओळी गिळून टाकतं. एफएफएमपेगही हेच करतं. कमांडचा इनपुट काहीच न देणाऱ्या आणि काहीही गिळणाऱ्या डेव्ह-नलकडे वळवला, किंवा एसएसएचला स्मॉल एन दिला, की हे थांबतं. मी तर लूपमधल्या प्रत्येक कमांडला डोळे मिटून डेव्ह-नल देतो. ज्या कमांडला इनपुट लागत नाही तिचं त्याने काही बिघडत नाही.

रीडला स्मॉल आर द्यायला विसरू नका, नाहीतर ओळीतले बॅकस्लॅश गायब होतात. ओळीचे तुकडे कुठे पाडायचे ते ठरवणारा आयएफएस रिकामा ठेवला नाही तर ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा जाते.

कमांडला वेळ लागत असेल तर लूप तिच्यासाठी थांबतो. तोवर येणाऱ्या ओळी पाइपमध्ये जमतात. लिनक्सवर पाइपची क्षमता डिफॉल्टनुसार ६४ केबी असते, ती भरली की मागचा ग्रेप थांबतो आणि मग टेल थांबतं. फाइल तशीच असल्याने ओळी लगेच हरवत नाहीत, पण कमांड दहा मिनिटांपूर्वीच्या घटनेवर आत्ता चालते, आणि मध्ये रोटेशन झालं तर मागे राहिलेलं गेलंच. कमांडला टाइमआउट लावा. जी कधीच संपणार नाही अशी कमांड लूपमध्ये असली की पहारा तिथेच संपला.

गरजेपेक्षा जास्त वेळा चालते तेव्हा

टेल सुरू झालं की आधी फाइलच्या शेवटच्या दहा ओळी देतं. जर्नलसीटीएलचा फॉलो पर्यायही तेच करतो. त्या दहा ओळींत कालचा एरर असेल तर स्क्रिप्ट रीस्टार्ट होताच कालच्या एररसाठी आज कमांड चालते. ओळींची संख्या शून्य द्या, म्हणजे फक्त नव्या ओळी येतील. नंतर रोटेशन झालं तरी नवी फाइल पहिल्यापासून वाचली जाते, त्यामुळे शून्य दिल्याने काही हुकत नाही.

यापेक्षा घातक प्रकार म्हणजे कमांडनेच लॉगमध्ये जुळणारी ओळ लिहिणं. सर्व्हिस रीस्टार्ट होताना डेटाबेसशी जोडणी तुटल्याचा एरर टाकते, पॅटर्न त्याच एररचा असतो, त्यामुळे रीस्टार्टमुळे पुन्हा रीस्टार्ट होतो आणि हे चक्र थांबत नाही. जादा अधिकाराने कमांड चालवणाऱ्या सुडोचं तर खास लक्षात ठेवावं. सुडो चालवलेली पूर्ण कमांड तिच्या आर्ग्युमेंटसकट ऑथ लॉगमध्ये, म्हणजे लॉगिन आणि अधिकारांच्या नोंदींच्या लॉगमध्ये, लिहितं. तुम्ही ऑथ लॉगवर पहारा ठेवला आणि सुडोने चालवलेल्या कमांडला जुळलेली ओळ आर्ग्युमेंट म्हणून दिली, तर सुडोची नोंदही पॅटर्नला जुळते. लॉग वाचून हल्लेखोरांचे पत्ते अडवणाऱ्या फेलटूबॅनच्या रेसिडिव्ह जेलला (वारंवार अडवलेल्यांसाठीच्या नियमाला) हाच धोका आहे, कारण ते फेलटूबॅनचाच लॉग वाचतं. त्यांच्या कॉन्फिग फाइलीत म्हणूनच ताकीद दिली आहे की लॉग लेव्हल डीबग ठेवू नका, नाहीतर ते स्वतःच्याच ओळी खात अनंत चक्रात अडकू शकतं.

एकाच बिघाडातून एका सेकंदात दोनशे सारख्या ओळी येणं अगदी नेहमीचं आहे. म्हणून प्रत्येक कमांडला शांततेचा काळ हवा. शेवटची कमांड कधी चालली ती वेळ व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि, समजा, ३०० सेकंद झाले नसतील तर ओळ सोडून द्या. बॅशमध्ये सेकंड्स नावाचं व्हेरिएबल आयतं मिळतं, ते यासाठी पुरतं. दोन वेगळ्या ठिकाणांहून तीच कमांड चालण्याची शक्यता असेल तर एफलॉक लावा, स्मॉल एनसह, म्हणजे आधीची चालू असताना दुसरी रांगेत न राहता सरळ परत जाते.

हे केलं नाही तर सिस्टमडी तुमच्या वतीने थांबतं, आणि ते जास्त त्रासाचं असतं. डिफॉल्टनुसार कुठलंही युनिट १० सेकंदांत ५ वेळांपेक्षा जास्त सुरू करता येत नाही. त्यापुढे सिस्टमडी नकार देतं आणि युनिट फेल्ड अवस्थेत पडून राहतं. हाताने दिलेले रीस्टार्टही या मोजणीत धरले जातात. म्हणजे सर्व्हिस वाचवायला लिहिलेली स्क्रिप्टच तिला बंद पाडते. त्यातून बाहेर यायला सिस्टमसीटीएलचं रीसेट-फेल्ड चालवावं लागतं.

माझा आग्रह आणखी एका गोष्टीचा आहे. ओळ दिसली म्हणून थेट कमांड चालवू नका, आधी परिस्थिती तपासा. डेटाबेस बंद असल्याची ओळ आली तर आधी डेटाबेसला जोडून बघा, जोडला गेला तर काहीच करू नका. हा एक तपास मध्ये घातला की वरचे निम्मे धोके आपोआप सौम्य होतात: शिळी ओळ, दोनदा आलेली ओळ, स्वतःच लिहिलेली ओळ, कुणी मुद्दाम घुसवलेली ओळ, या सगळ्या तिथेच अडतात.

पॅटर्न जुना झाला

स्क्रिप्टला कुणी हात लावलेला नसतो, तरी अपडेटनंतर पॅटर्न जुळायचा बंद होतो. लॉगमधला मजकूर हा कुणी दिलेला करार नाही, तो बदलत राहतो. १ जुलै २०२४ ला आलेल्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये एसएसएचडीचे दोन भाग झाले आणि लॉगमधल्या बऱ्याच ओळी एसएसएचडीऐवजी एसएसएचडी-सेशन या नावाने यायला लागल्या. नावापुढे लगेच चौकोनी कंस शोधणारे पॅटर्न त्या दिवसापासून आंधळे झाले. लिनक्स कर्नलच्या मेमरी संपल्याच्या संदेशात आधी किल प्रोसेस असायचं, नंतर किल्ड प्रोसेस झालं. एवढ्याशा फरकाने पॅटर्न हुकतो.

कधी लॉग फाइलच नाहीशी होते. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये लॉग फाइली लिहिणारं आरसिसलॉग आपोआप इन्स्टॉल होत नाही. नव्या मशीनवर ऑथ लॉगची फाइल तयारच होत नाही आणि सगळं जर्नलमध्ये जातं. फेलटूबॅन तिथे लॉग फाइल सापडली नाही म्हणून सुरूच होत नाही, हे निदान दिसतं तरी. जेलचा बॅकएंड सिस्टमडी केला की ते जर्नल वाचायला लागतं. टेलचा कॅपिटल एफ मात्र नसलेल्या फाइलची वाट बघत शांतपणे बसून राहतो.

काही वेळा ओळी मोजण्यात गोंधळ होतो. उबंटूच्या आरसिसलॉगमध्ये एकसारख्या ओळी एकत्र करायची सोय चालू असते. पहिली ओळ जशीच्या तशी येते, आणि तिच्यानंतर पाचदा आलेला तोच संदेश मेसेज रिपीटेड फाइव्ह टाइम्स अशा एकाच ओळीत येतो. पाच ओळी मोजून कमांड चालवणाऱ्या स्क्रिप्टला दोनच दिसतात, आणि ओळीची सुरुवात पकडणाऱ्या पॅटर्नला तर पहिलीच. जर्नलडी तर पूर आला की ओळी टाकूनच देतं: डिफॉल्टनुसार एका सर्व्हिसच्या ३० सेकंदांत १०,००० च्या वरच्या ओळी गाळल्या जातात आणि किती गाळल्या त्याची एक सप्रेस्ड अशी नोंद उरते. ज्या गडबडीच्या वेळी पहारा सगळ्यात जास्त हवा, नेमक्या तेव्हा ओळी जातात. ती सप्रेस्डची ओळसुद्धा पॅटर्नमध्ये घ्यावी.

ओळ डोळ्यांना तंतोतंत जुळते आहे आणि तरी ग्रेप घेत नाही, असं असेल तर ती कॅटच्या कॅपिटल ए या पर्यायातून काढून बघा. ॲप लॉगमध्ये रंगांचे कोड टाकत असेल तर एरर या शब्दाच्या आधी न दिसणारी अक्षरं असतात, आणि ओळीच्या सुरुवातीला एरर शोधणारा पॅटर्न कधीच जुळत नाही.

ओळ कुणी लिहिली?

लॉगमधला बराचसा मजकूर बाहेरच्या माणसाने दिलेला असतो: लॉगिनचं नाव, यूआरएल, ब्राउझरची ओळख. तो मजकूर तुम्ही रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या कमांडला देत आहात. २००७ मध्ये फेलटूबॅन आणि त्याच्यासारखंच काम करणारं डेनायहोस्ट्स या दोन्हींत असा दोष सापडला होता की लॉगमध्ये हवा तसा मजकूर घुसवून हल्लेखोर भलताच आयपी पत्ता ब्लॉक करवू शकत होता. तो पत्ता तुमचाही असू शकतो. २०२१ मध्ये फेलटूबॅनच्या मेल पाठवणाऱ्या एका ॲक्शनमध्ये, सीव्हीई-२०२१-३२७४९ या क्रमांकाने, याहून गंभीर दोष नोंदला गेला. पत्ता कुणाचा ते सांगणाऱ्या हूइजचं उत्तर थेट मेल कमांडच्या इनपुटमध्ये जात होतं, आणि मेलयूटिल्सची मेल कमांड टिल्डने सुरू होणाऱ्या काही ओळींना सूचना समजून कमांड चालवते.

म्हणून जुळलेली ओळ इव्हॅलला किंवा बॅशच्या स्मॉल सी पर्यायाला, म्हणजे मजकूर कमांड म्हणून चालवणाऱ्यांना, कधीही देऊ नका. व्हेरिएबल नेहमी डबल कोट्समध्ये. ओळीतून फक्त लागेल तेवढाच तुकडा काढा, आणि तो आयपी पत्ता असेल तर तो खरंच आयपी पत्त्यासारखा दिसतो का ते वेगळं तपासा. पॅटर्न ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला बांधलेला असावा. मध्ये काहीही चालेल असा टिंब-तारा टाकला की तिथून घुसायला वाट मिळते. तुमचे स्वतःचे पत्ते कधीही ब्लॉक होणार नाहीत अशी यादी आधी करा आणि मगच फायरवॉलला हात लावा.

टर्मिनलवर चालते, सर्व्हिसमध्ये नाही

यात फार खोल काही नाही. सर्व्हिसला तुमचा पाथ (कमांड शोधायच्या जागांची यादी) मिळत नाही, तुमची एसएसएच की मिळत नाही, होम डिरेक्टरीही वेगळी असते. कमांडचे पूर्ण पाथ लिहा, आणि कमांडचा एरर आउटपुट जर्नलमध्ये जाऊ द्या. तो डेव्ह-नलमध्ये फेकलेला असतो म्हणूनच कारण दिसत नाही. एसईलिनक्स ही जादा सुरक्षा चालू असेल तर ऑडिट लॉग बघा.

पाइप कधी सोडावा

सर्व्हिस मेल्यावर ती पुन्हा उभी करणं एवढंच काम असेल तर लॉग वाचूच नका. सिस्टमडीच्या युनिटमध्ये रीस्टार्ट ऑन-फेल्युअर लिहा, आणि कुणाला कळवायचं असेल तर ऑनफेल्युअरमध्ये दुसरं युनिट द्या. प्रोसेस मेली हे सिस्टमडीला थेट कळतं, ओळीवरून अंदाज करावा लागत नाही.

एसएसएचवरचे पासवर्डचे प्रयत्न अडवायचे असतील तर फेलटूबॅनच घ्या. त्याचे डिफॉल्ट म्हणजे १० मिनिटांत ५ चुका आणि १० मिनिटांची बंदी. पॅटर्न लावण्याआधी फेलटूबॅन-रेजेक्स या कमांडने खऱ्या लॉगवर चालवून बघता येतो, आणि कुठल्या ओळी जुळल्या, कुठल्या सुटल्या ते तिथे मोजून मिळतं.

एक ओळ आली आणि नंतर ठरावीक वेळेत दुसरी आली नाही तर कमांड चालव, असल्या अटी असतील तर शेलच्या लूपमध्ये त्या बसवू नका. सेक, म्हणजे सिंपल इव्हेंट कोरिलेटर, हा पर्लमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम याच कामासाठी आहे. एका ओळीनंतर काही काळ गप्प राहणं, ठरावीक वेळेत ठरावीक संख्या मोजणं, दोन ओळींची जोडी लावणं, हे नियम त्यात तयार मिळतात. आरसिसलॉग आधीच चालू असेल तर त्याचं ओमप्रॉग मॉड्यूल तुमचा प्रोग्रॅम एकदाच सुरू करतं आणि जुळलेल्या ओळी त्याच्या इनपुटमध्ये देत राहतं. तिथे फाइल नाही, त्यामुळे रोटेशनचा प्रश्नच नाही.

तातडी नसेल, मिनिटभराचा उशीर चालत असेल, तर मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो टाइमर. दर मिनिटाला जर्नलसीटीएल कर्सर-फाइल या पर्यायासह चालवा. ते मागच्या वेळी जिथे थांबलं तिथून पुढच्या ओळी देतं आणि नवी जागा फाइलीत लिहून ठेवतं. सिस्टमडी २४२ पासून हा पर्याय आहे. मशीन रीबूट झालं, स्क्रिप्ट मेली, काहीही झालं तरी पुढच्या मिनिटाला काम तिथूनच सुरू होतं. सतत जिवंत राहावं लागेल अशी प्रोसेसच नसते, म्हणून ती गप्प पडायचाही प्रश्न नसतो. पहिल्या वेळी मात्र कर्सरची फाइल नसल्यामुळे अख्खं जर्नल येतं. तो पहिला आउटपुट डेव्ह-नलमध्ये सोडा आणि मगच कमांड जोडा.

पहाऱ्यावर पहारा

पाइप ठेवायचाच असेल तर तो जिवंत आहे हे त्याच्याकडूनच सतत वदवून घ्या. दर पाच मिनिटांनी एका टाइमरने लॉगमध्ये एक खुणेची ओळ टाका, दुसरीकडे कुठेही येणार नाही अशा मजकुराची. ग्रेपच्या पॅटर्नमध्ये तिलाही जागा द्या. लूपमध्ये ती ओळ आली की बाकी काही न करता एका फाइलला टच करा. मग वेगळी तपासणी, शक्यतो दुसऱ्या मशीनवरच्या मॉनिटरिंगमधून, त्या फाइलची वेळ बघेल, आणि ती पंधरा मिनिटांपेक्षा जुनी झाली तर माणसाला उठवेल. ही तपासणी त्याच स्क्रिप्टमध्ये ठेवू नका.

खुणेची ओळ खऱ्या ओळीइतकाच प्रवास करते, त्यामुळे टेल जुन्या फाइलवर अडकलं, ग्रेपने बायनरी म्हणून तोंड फिरवलं, बफर भरला नाही, एसएसएचने इनपुट गिळला किंवा कमांड लटकली, यातलं काहीही झालं तरी फाइलची वेळ पुढे सरकायची थांबते. स्क्रिप्ट चालू केल्यावर त्याच दिवशी लॉगरोटेट फोर्स पर्यायाने दोनदा चालवा. दुसऱ्यांदा अशासाठी की कॉम्प्रेशन पुढच्या वेळेवर ढकललेलं असेल तर जुनी फाइल तेव्हा कॉम्प्रेस होऊन डिलीट होते. दोन्ही वेळा पुढची खूण फाइलवर उमटेपर्यंत थांबून बघा, आणि मगच स्क्रिप्ट तिच्या कामाला सोडा.